निळ्या कॅनमधले पाणी

अण्णा, दोन महिन्यांपूर्वी माझ्या रक्ताचा अहवाल आला. डाव्या स्तनातली गाठ काढून तेव्हा तीन महिने झाले होते. डॉक्टरीणबाईंनी, माझ्या लेकीहून लहान मुलगी ती, कागद माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर पेन टेकवले. चेक-टू नावाचे एक जनुक प्रत्येक माणसाच्या पेशींत असते. त्याच्या बरहुकूम कायनेज जातीचे एक विकर तयार होते. पेशी दुभंगू पाहते आणि तिच्या आतल्या आनुवंशिक धाग्याला इजा झालेली असते, तेव्हा हे विकर विभाजन रोखून धरते. आधी दुरुस्ती, मग पुढचे. माझ्याकडच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे. "थांब म्हणणारंच कमी पडतं, मॅडम," ती म्हणाली. "आईकडं कुणाला होतं का?" आईला, मी म्हणाले. "आणि आईच्या आईला?" या प्रश्नाचे उत्तर चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघरात देऊन झालेले होते, आणि ते मीच फेटाळले होते.

पडेगावच्या बाजूला तुम्ही दोन खोल्या बांधल्या तेव्हा शहर आपल्यापर्यंत पोचायचे होते. नळ येणार, असे सगळे म्हणत. नळाऐवजी लागोपाठ दोन कोरडे पावसाळे आले. टँकर आठवड्याने यायचा, तोही गढूळ. तुम्ही रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. तिथले दोन रिकामे निळे कॅन तुम्ही राखेने, मग चिंचेने घासता, उकळत्या पाण्याने विसळता, कॅन्टीनच्या नळावर भरता आणि सायकलच्या दोन बाजूंना बांधून घरी आणता. उंबऱ्यात टेकवल्यावरही झाकण काढून हुंगता. आई हसते. "लई हुंगू नका. पाणी गोड हाय. पोरीला स्थळ बघताना एवढं हुंगा म्हंजी झालं!" पुढच्या वर्षी तिच्या काखेत गाठ लागली. त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली.

तेराव्याची पंगत उठली होती. मी तर्कशास्त्राची नवी अधिव्याख्याता, आणि शोकापेक्षा युक्तिवाद मला अधिक हाताशी होता. तुम्ही चुलीपाशी पाटावर, मामा दाराशी. मी उभी राहून बोलते आहे. घरात तिघे; जेवण एक, हवा एक, छप्पर एक. तुम्ही दिवसभर कारखान्यात पाणी पिता, मी कॉलेजात. रंगाच्या कॅनमधले पाणी दिवसभर एकटी आई प्यायली आणि आजार एकट्या आईला झाला. जिथे भेद, तिथे कारण. मामा मध्येच म्हणाला, "आमच्या आईचंबी असंच झालं व्हतं गं. हितंच, काखंत." मी त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. "मामा, ते इथे अप्रस्तुत आहे." तो पुटपुटला, "शिकलेल्या माणसांफुडं काय बोलावं," आणि चपला घालून अंगणात गेला. तुम्ही एवढेच म्हणालात, "व्हय. पाणी मीच आणलं."

तुम्ही त्यानंतर अकरा वर्षे जगलात. या काळात तुम्ही कुणाच्या हाती पाण्याचा पेला दिल्याचे मला आठवत नाही. पाहुणा आला की तुम्ही हात गुडघ्यांवर ठेवून मला हाक मारायचात. एकदा माझी लेक, तीन वर्षांची, खेळून घामाघूम आली. "आबा, पाणी." माठ तुमच्या कोपराशी होता. "आईला माग, बाळ," तुम्ही म्हणालात. मी आत पेपर तपासत होते. मी ऐकले, उठले, तिला पाणी दिले, आणि परत पेपरांपाशी जाऊन बसले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे ठरत नाही, हे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. उदाहरणादाखल आपले घर एकदाही घेतले नाही. खुलताबादला दिलेल्या मामेबहिणीचीही तपासणी झाली. तिच्याकडे हाच बिघाड निघाला. तेव्हा तो आईकडूनच माझ्याकडे आला, यात आता फारशी शंका नाही. पण तुम्हाला निर्दोष ठरवायलाही मी घाई करणार नाही. तीच चूक उलट्या दिशेने होईल. एक कारण सापडले म्हणून दुसरे खोडले जात नाही. पाण्यात काय होते हे कुणी तपासले नव्हते, आणि ते कॅन कधीच भंगारात गेले. माझ्याकडून तुम्हाला शिक्षा देऊन झाली. सुटका द्यायला मात्र पुरावा पुरत नाही. लेकीला फोनवर सगळे सांगितले आहे. तीही रक्त देणार आहे. पाण्याचे मात्र तिला सांगितलेले नाही.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. रविवारी आणि दोन्ही उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत मी घरीच असायचे. त्याच कॅनमधले पाणी मीही प्यायचे, तांब्यामागून तांब्या, आईइतकेच. चुलीपाशी उभी राहून बोलताना ते मला आठवत होते. युक्तिवाद लंगडा पडला असता, म्हणून मी ते वगळले.