इद्दत आणि मुदत

लातूर
२१ ऑगस्ट २०२५

भाईजान,

अस्सलामु अलैकुम. आम्ही मायलेकी खैरियतीत आहोत. कंधारात तुम्ही आणि भाभीही तसेच असाल. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. उर्दू आपल्या दोघांनाही धड येत नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेची कृपा. तेव्हा मराठीतच लिहिते.

उमैमाचं कॉलेज चालू आहे. मी एका मिलमध्ये डाळ निवडायला जाते. तिचे अब्बा असते तर म्हणाले असते, हिला घरची डाळ निवडता येत नाही, मिलची काय निवडणार. सोबतच्या बायका चांगल्या आहेत.

गेल्या महिन्यात नांदेडला आपल्या तक्रारीची सुनावणी झाली. पेन्शनच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपाल मॅडमनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तुमचे भाऊ ज्या मिलमध्ये कामाला होते, तिच्या पेन्शन ट्रस्टचा नियम असा, की कामगार गेल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याच्या बायकोनं स्वतः येऊन अंगठा द्यायचा, नाहीतर हक्क गेला. मी तेव्हा इद्दतीत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही.

मॅडम म्हणाल्या, "ताई, ट्रस्टनं स्वतःचा नियम पाळला का, एवढंच मला बघता येतं. त्यांनी पाळलाय. नियमच चुकीचा आहे का, हे तपासायचा अधिकार मला दिलेलाच नाही."

"मग कुणाला हाय?" मी विचारलं.

त्यांनी समोरचं नियमांचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "मलाही सापडलं नाही."

त्यांचा राग आला नाही. त्यांचाच चेहरा उतरला होता. येताना एसटीत मात्र लई रडले. शेजारच्या बाईनं काही न विचारता हातावर केळं ठेवलं.

मॅडमनी एक वाट सांगितली होती. मी इद्दतीत आहे ही खबर मुदतीत मिलमध्ये कुणी दिली असेल आणि तिथल्या माणसानं ती दाबली असेल, तर तेवढी चौकशी त्या करू शकतात. उमैमानं तुम्हाला कळवलं आणि तुमचा निरोप आला, "मी मिलमधल्या वीरण्णा मुनिमांना सांगितलं होतं, तसं शपथेवर सांगेन."

भाईजान, शपथ घेऊ नका.

इद्दतीत तुम्ही कंधारहून इथं येऊन राहिला होता, तेव्हा तुम्हीच म्हणालात, "तू भाईर पाऊल टाकू नको, लोक काय म्हणतील. मिलमधी मी सांगून येतो." संध्याकाळी दारामागून विचारलं, तर म्हणालात, "हाव, सांगून आलो." मी निर्धास्त झाले. आता मौलानांना विचारलं, तर म्हणाले, गरजेच्या कामाला दिवसा जाऊन यायची मुभा असते. तेव्हा विचारायचं आपल्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

कबरस्तानाच्या फाटकाशी फुलं विकणाऱ्या खाला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुझा जेठ त्या दिवशी मिलकडं निघालता. मधीच आत शिरला, भावाच्या कबरीपाशी दिवसभर बसला. पाणी दिलं तर घेतलं न्हाई."

राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तुमचं नाव निघालं तरी अंगाची आग व्हायची. मग वाटलं, इद्दत बायकोला असते, भावाला नसते. मला घरात बसून रडायची सवड मिळाली. तुम्हाला कुणी दिली? मातीच्या दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही आमची कामं करत पळत होता.

वीरण्णा जनाज्यामागं कबरस्तानापर्यंत चालत आले होते. त्यांची नोकरी घालवून आलेला घास माझ्या गळ्याखाली उतरणार नाही. खबर कुणीच दिली नव्हती, असं मी मॅडमना कळवून टाकलं. तक्रार बंद झाली. पेन्शन आता येणार नाही.

तुम्हाला आता कुणासमोर काही सांगायचं उरलेलं नाही. तेव्हा या. उमैमा रोज विचारते, बडे अब्बू का येत नाहीत. तुमचं रडायचं राहून गेलंय, ते इथं आमच्यात बसून रडा.

तुमच्या हमजाची,
जोहरा