कानाने घेतलेली गाडी

आदरणीय साडूभाऊ यांना,

नमस्कार. (आधी 'सप्रेम' लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं तुम्हाला दिसावं म्हणून मुद्दाम कागद बदलला नाही.)

तुमची प्रकृती ठणठणीत असावी. ताईंचा खोकला गेल्याचं हिच्याकडून कळलं. या दोघी बहिणी रोज फोनला चिकटलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या घरात काय शिजलं नि कोण शिंकलं हे मला बसल्या जागी कळतं. बोलत नाही ते फक्त आपण दोघं. गुडघा काय म्हणतो? दुखतो तो उजवा की डावा, तेवढं स्पष्ट कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे डोंबलाचं क्षेम!

तुम्ही पसंत केलेली पिकअप अजून अंगणातच उभी आहे. 'तुम्ही पसंत केलेली' हे दोनदा वाचावं. विकणारा पांढऱ्या बुटांचा गोडबोल्या तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्याला इंजिन चालू करायला लावलंत, बॉनेटवर पंजा ठेवलात, डोळे मिटलेत आणि रेडिओचं स्टेशन लावताना करता तशी मान तिरकी करून ऐकत राहिलात. (जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, याच्या कानाला चूक कळणार नाही तर कोणाच्या, असं मला वाटलं.) मग म्हणालात, "खरखर अजिबात नाही. घेऊन टाका." मी घेऊन टाकली. डोळे उघडे असते तर खाली टपकणारं तेल तुमच्या चपलेवर पडताना तरी दिसलं असतं! त्या वेळी मी काय करत होतो, असं ताईंनी हिला विचारल्याचं कळलं. ताईंना सांगा, मी मागच्या हौद्याच्या फळ्या तपासत होतो. मी सुतार आहे, मी फळ्या तपासल्या. फळ्या एक नंबर आहेत आणि त्यांच्याबद्दल मी कोणाचंही काही ऐकून घेणार नाही.

घरी येतानाच गाडीने आपले रंग दाखवले. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. पायाखालचं रबर सरकलं तर खाली रस्ता पळताना दिसला. तुमच्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं म्हणून मी वळसा घालून येईपर्यंत तुम्ही साहेबासारखे बसून राहिलात, आणि उतरताना वर म्हणालात, "पण आवाज बघा!" तोही बघितला, साडूभाऊ. दुसऱ्या दिवशी फिटरने गिअरबॉक्स उघडला, तर आत तेलात कालवलेला लाकडाचा भुसा! झिजलेले गिअर ओरडू नयेत म्हणून त्या गोडबोल्याने ठासून भरलेला. म्हणून खरखर नव्हती. तुम्ही डोळे मिटून भुसा ऐकत होतात! सागाचा होता, चिमटीत चोळल्याबरोबर कळलं. जन्मभर कारखान्यातून भुसा झाडून बाहेर टाकणारा मी, तो विकत घेऊन घरी आलो. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी तुमच्याकडे येऊन, दोघी बहिणींच्या देखत, "ते कान आता रेडिओच्या खोक्यात ठेवून द्या," असं मी म्हणालो. तुम्ही चहा अर्धा ठेवून आतल्या खोलीत गेलात. माझा एक शब्दही मी मागे घेत नाही.

तेव्हापासून मी एकटा या धुडाशी झटापट करतोय. निळा रंग खरवडला तर खाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, आणि पिवळ्याखाली पत्राच नाही! नवीन पत्रा ठोकला, गिअर बदलून घेतले, हॉर्नची वायर शोधून काढली. दार आता आतून उघडतं (चालत्या गाडीतही उघडतं, पण ते पुढचं पुढे). तिकडे नव्या दवाखान्याची दारं तयार होऊन कारखान्यात या गाडीची वाट बघत भिंतीला टेकून उभी आहेत, डॉक्टर रोज माणूस पाठवतो, आणि मला रंध्याकडे जायचं तर त्या दारांमधून अंग चोरून जावं लागतं. गाडी चालू होते, धावते. थांबत नाही एवढंच.

ब्रेकच्या नळ्या नवीन टाकल्या, पण त्यात हवा अडकलीय. ती काढायची म्हणजे एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून चाकामागचा नट सैल करून पुन्हा आवळायचा. वरच्याने मध्येच पाय उचलला की हवा परत आत. हिला बसवलं. ताईंचा फोन आला, ही पाय काढून घरात गेली, आणि मी खाली उताणा पडून शून्याला "दाब, दाब" म्हणत राहिलो. शेजारच्या शिंप्याला बसवलं. त्याचा पाय एकदा पेडलवर पडला की मशिनवर असल्यासारखा खालीवर चालूच! माझ्या तोंडावर तेल उडालं तरी हा आपला शिवतोच आहे. फिटरला म्हटलं, तर तो म्हणतो गाडी इकडे घेऊन या. बिनब्रेकची!

असो. लोभ असावा असं लिहिणार नाही. राग आहे, तो आहे तसा राहू द्यावा.

आपला,
साडू

ता. क. गुडघ्याचं वर विचारलं ते उगाच नाही. ब्रेक उजव्या पायाने दाबतात. डावा दुखत असेल तर रविवारी सकाळी यावं. माफी वगैरे कोणी कोणाची मागायची नाही, त्याला वेळ नाही. चहा पूर्ण पिऊनच जायचं.

दुसरा ता. क. हौद्याच्या फळ्यांना वाळवी निघाली. आतून पार पोकळ, वरून नुसता रंग उभा होता. हे ताईंना सांगू नका, त्या हिला सांगतील.

तिसरा ता. क. येताना कान घेऊन या. गाडीखालून ओरडलेलं वर कोणालाच नीट ऐकू जात नाही.