तीन वाड्यांची एक फाईल

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार
लालबागला गावकीच्या खोलीत मीटिंग. सेक्रेटरी बंडूभाऊ म्हणाले, "धनेश, तीन वाड्यांच्या तीन एक्सेल फायली नकोत आता. एकच कर. शिमग्याची पालखी कुठल्या घरी कधी, सगळं एका ठिकाणी दिसलं पाहिजे." मागून कोणीतरी — "गेल्या वर्षी आमच्याकडे पहाटे पोचली. आरतीला कोंबडाच होता फक्त." सगळे हसले. मीही.

हे काम निलेशचं होतं. आमचा पोरगा दिवाळीआधी गेला, तेव्हापासून या वहीत त्याचं नाव लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
त्याचा लॅपटॉप उघडला. आमच्या वाडीच्या फाईलचं नाव — 'खालची वाडी, बाबांनी हात लावू नये'. मागे मी एक रकाना पुसून टाकला होता, म्हणून. बराच वेळ खरंच हात लावला नाही.

मग तिन्ही फायली एकाखाली एक चिकटवल्या. शेवटचा रकाना 'दुखवटा'. वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे पालखी थांबत नाही, दारावरून पुढे जाते. गावाची रीत. आमच्या ओळीत तो शब्द मीच लिहिला.

पालखीतल्या देवीच्या ओटीसाठी आणलेला खण अंबिका, निलेशची आई, उलगडून बघत होती. लॅपटॉप मिटला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
नावं वर्णानुक्रमे लावायला गेलो आणि घोळ झाला. नुसता नावांचा रकाना हलला, बाकीचे जागच्या जागी. 'दुखवटा' गेला सीतारामच्या नावापुढे — गावात आमच्या घराला लागून त्याचं घर. आमच्यापुढे — पालखी, संध्याकाळी सहा.

बाकीच्यांच्या वेळा पुन्हा जुळवल्या. या दोन ओळी राहू दिल्या.

जेवताना अंबिकेला म्हणालो, "ओटीला नारळ चांगला बघून घे."

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपास. देवळात रांगेत उभा राहिलो, पण पिंडीकडे बघवेना. सीतारामची म्हातारी आई पालखीच्या दिवशी सकाळपासून दारात बसून असते.

घरी येऊन सीतारामपुढचा 'दुखवटा' पुसला. आपल्यापुढे लिहिला. फाईल बंडूभाऊंना पाठवली, मग अंबिकेला सांगितलं, पालखी आपल्याकडे नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, अहो. तुम्ही नारळ घे म्हणालात, म्हणून घेतला."

२८ फेब्रुवारी
बंडूभाऊंचा मेसेज — 'फाईल एक नंबर. निलेशसारखी.'

४ मार्च, मंगळवार
सकाळी गावाहून फोन. सीतारामची आई गेली.

जे पुसलं, तेच त्याच जागी परत लिहायचं आहे. फाईल उघडून बसलोय.

अंबिकेने खण कपाटात ठेवला. म्हणाली, "पालखी दारावरून जाईल तेव्हा आपण सीतारामभावजींकडे जाऊन बसू."