ओटीपी कुणालाही देणार नाही

३ एप्रिल २०२४, बुधवार
क्रांती चौकाजवळच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी सायबर सुरक्षेवर व्याख्यान. पहिल्या रांगेत बसलो. निम्मं मला आधीच माहीत होतं, उरलेलं निम्मं आज कळलं. म्हणजे विषय संपला.
संकल्प : ओटीपी कुणालाही देणार नाही. सगळे पासवर्ड बदलणार. सोसायटीला जागं करणार.
शेवटच्यापासून सुरुवात. ग्रुपवर सात मेसेज टाकले. उत्तर नाही. लोक विचार करत असतील.

५ एप्रिल
मृण्मयीचा पुण्याहून फोन. लेक कॉम्प्युटरमध्येच आहे. म्हणाली, बाबा, बाकी राहू द्या, व्हॉट्सॲपला तेवढा टू-स्टेप पिन लावा, दोन मिनिटांचं काम आहे. लावतो म्हणालो. दोन मिनिटांची कामं मी घाईत करत नाही.
बँकेचा पासवर्ड बदलला. वीस अक्षरी, चिन्हांसकट. कुठं लिहायचा नाही असा नियम. लिहिला नाही.

६ एप्रिल
पासवर्ड आठवत नाही. चोरालाही सापडणार नाही, हे महत्त्वाचं.

११ एप्रिल
पाच वर्षांमागं इथं बाजरी होती. आता सहा बिल्डिंगा आहेत, पण पाईपलाईन नाही. बोअर मार्चमध्येच आटले. सगळी भिस्त टँकरवर. आमच्या सेक्रेटरी करुणाताई घाटी दवाखान्यात सिस्टर आहेत, त्यांची ड्युटी वाढली. टँकर बुकिंग कोण बघेल, असं त्यांनी ग्रुपवर विचारलं. मी एकटाच बोललो. एकमतानं निवड.
टँकरवाल्याची यंदा नवी पद्धत : बुकिंगवाल्याच्या मोबाईलवर नंबर येतो, तो ड्रायव्हरला सांगायचा, मग पाणी. पाणी भलतीकडं जाऊ नये म्हणून. गेटवर 'टँकरसाठी संपर्क' म्हणून माझा मोबाईलही लावला. नंबर माझ्या हाती. योग्य हाती.

१३ एप्रिल, सकाळी १०
टँकर आला. ड्रायव्हर कडुबा म्हणाला, "साहेब, वटीपी सांगा, मंग पाईप लावतो." मी सांगितलं, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो.
"कुणालाबी सांगू नका. पर मी पाणी आणलंय नं."
ओळख काय, असं विचारलं. त्यानं टँकरकडं बोट दाखवलं. टँकर कुणीही आणू शकतो.
अर्धा तास थांबला, मग पुढच्या कॉलनीत गेला. माणूस सरळ वाटला. सराईत असेच असतात.

१४ एप्रिल
हौद कोरडा. नेमकी आज जयंती. करुणाताईंकडं पंधरा-वीस पाहुणे जेवायला. त्यांचा भाऊ छावणी भागात राहतो, त्याच्याकडून त्यांनी स्कूटरवर तीन खेपा करून कॅन आणले. तिसऱ्या खेपेला जिन्यात गाठ पडली. नवी पांढरी साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. म्हणाल्या, "काका, तो मेसेज पूर्ण वाचला का तुम्ही?"
वाचला. 'हा नंबर फक्त आमच्या चालकाला सांगावा' असं होतं. अक्षर फार बारीक.
घरी बायको दमयंती अर्ध्या बादलीत भांडी धूत होती. एवढंच म्हणाली, "तुमचा नंबर तरी सुरक्षित राहिला ना?"
या घरात तत्त्वाला किंमत नाही.

१९ एप्रिल
धोरण लवचिक केलं. टँकर आला, कडुबा खाली उतरायच्या आत ओटीपी सांगितला. हौद भरला. करुणाताई हसल्या. सुरक्षा म्हणजे शेवटी माणूस ओळखणं. ग्रुपवर तसे चार मेसेज टाकले.
मृण्मयीनं पिनबद्दल पुन्हा विचारलं. काम सुरू आहे म्हणालो.

२२ एप्रिल, सकाळी ११.१०
टँकरची वाट बघतोय. फोन आला : टँकर ऑफिसातून बोलतोय, गाडी वळणावर आहे, नंबर आला असेल तो सांगा. आला होता. खाली इंग्रजीत 'कुणालाही देऊ नका' अशी तंबी. पण १३ तारखेला ती पाळून काय झालं ते सगळी सोसायटी जाणते. सांगून टाकला. चार सेकंदांत.

११.२५
व्हॉट्सॲप बंद. नेटवर्क असावं.

१.००
टँकर आला. कडुबानं वटीपी मागितला. मघाशीच दिला म्हणालो.
"कुणाला?" तो म्हणाला.

२३ एप्रिल
तो कोड व्हॉट्सॲपचा होता. खातं चोराकडं. मृण्मयीनं दमयंतीच्या फोनवरून समजावलं : चोरानं टू-स्टेप पिन लावलाय, आता सात दिवस थांबा. त्याला दोन मिनिटं सापडली म्हणायची.
पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या मॅडमनी वाचायला एक पत्रक दिलं. निम्मं मला आधीच माहीत होतं.

२५ एप्रिल
चोरानं माझ्या नावानं सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपमधल्या एकेकाला मेसेज केले : अर्जंट, तुमच्याकडं कोड आला असेल, पाठवा. शहाऐंशी जणांना! एकही फसला नाही. एकही!! ही जागृती माझी. दमयंतीला तसं सांगितलं.
ती म्हणाली, "अहो, कुणी उघडलंच नाही. सगळ्यांनी तुम्हाला म्यूट केलंय."
तू? विचारलं.
"पाडव्यापासून."

३० एप्रिल
खातं परत मिळालं. पिन लावला. मृण्मयीनंच लावला, मी नुसता फोन धरला.
संध्याकाळी वैजापूरहून मनकर्णाआक्काचा फोन. थोरली बहीण, एकटी असते. आवाज एकदम खुशीत.
म्हणाली, "परवा तू आपणहून विचारलंस, कशी आहेस म्हणून. लई बरं वाटलं बघ. गुडघ्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, सगळं बोलूनच पाठवलं. तूसुद्धा दोन दिवस उत्तरं दिलीस. मला ताई म्हणालास, पण चालतंय. ते कोड की काय मागत होतास, ते नाही सापडलं रे मला."
खरं सांगणार होतो. पण दिवाळीनंतर मी तिला फोन केला नव्हता, ते आधी आठवलं.
म्हणालो, हल्ली कामात असतो गं.
"त्या दोन दिवसांत नव्हतास की."
नव्हतो, म्हणालो.