हिरवळीवरचा वाडगा

जॉन्जू, ९ मार्च १९९८

ती. दोंगताकदादास धाकटीचा नमस्कार. वि. वि.

युनिव्हर्सिटी सुरू झाली. खोलीत सोबतीला उनसुक आहे. झोपेत गाते आणि सकाळी साफ नाकबूल होते! शुक्रवारी दुपारी विभागामागच्या हिरवळीवर नव्यांचं स्वागत आहे. वरच्या वर्गातला चोल्गु म्हणतो, सोजू दारूचा वाडगा एका दमात रिकामा केलास तरच तू आमची. आईला कळवू नकोस. लष्करात तू काय दिवे लावतोस ते ठाऊक आहे, तेव्हा उपदेश नको.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी बोराम

ह्वाचॉन छावणी, १२ मार्च

चि. बोरामला आशीर्वाद.

उपदेश करत नाही. विनवतो. वाडगा तोंडाला लावून गवतात ओत, हसू देत सगळ्यांना. आणि कुणी आडवं झालंच तर एकटं सोडू नका. हे पत्र शुक्रवारआधी पोचेलसं वाटत नाही, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

दादा

जॉन्जू, १९ मार्च

ती. दादास, वि. वि.

तुझं पत्र उशिरा आलं. मी वाडगा संपवला, टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. उनसुक उपाशीपोटी होती. वरच्या वर्गातल्यांनी तिच्या हातात दुसराही वाडगा दिला. सगळ्यांबरोबर मीही पी, पी म्हणून ओरडत होते.

ती गवतावर कोसळली. चोल्गु म्हणाला, झोपू द्या, दरवर्षी कुणीतरी झोपतंच. पण तिचे ओठ निळे पडले होते, हाकेला हूं की चूं नाही. मी फोनकडे धावले तर त्यानं हात धरला, विभागाची अब्रू घालवशील म्हणाला. मी त्याला कडकडून चावले. रुग्णवाहिका आली. उनसुक वाचली, वडील तिला गावी घेऊन गेले. आता जेवताना माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. मला चावरी म्हणतात. झोप येत नाही रे.

बोराम

ह्वाचॉन, २४ मार्च

चि. चावरीस,

आईला फोनवर मीच सांगितलं, रागावू नकोस. ती म्हणाली, आणखी जोरात चावायला हवं होतं. पुढच्या महिन्यात रजा मिळाली की येतो. तोवर जेवण टाळायचं नाही.

दादा

जॉन्जू, ३ एप्रिल

ती. दादास, वि. वि.

उनसुक परत आली. तिला काहीच आठवत नाही. मी सगळं सांगितलं, माझं ओरडणंसुद्धा. तिनं ताट उचललं आणि दुसरीकडे जाऊन बसली. मग कितीतरी दिवस अबोला.

आज चोल्गुनं राहिलेल्या नव्या मुलांना हिरवळीवर बोलावलंय. उनसुक बूट घालताना म्हणाली, मी पिणार नाही, ज्यांच्या हाती वाडगा देतील त्यांच्याशेजारी बसणार आहे, आणि मला एकटीनं जायची भीती वाटते, तू ऊठ.

ती दारात उभी आहे. निघते. तुझी माया असू दे.

बोराम