फासळ्यांतलं पाणी

उस्ताद, तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. त्यामुळे हे लिहायला मला मोकळं वाटतंय. समोर बसून मी तुमच्याशी एवढं कधी बोललेच नाही. तुम्ही सांगायचं आणि मी मान हलवायची, असे आपले दोन हिवाळे गेले. आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे, म्हणून आज बोलणार मी आणि ऐकणार तुम्ही.

जालन्याच्या त्या दवाखान्यात मी आले तेव्हा बावीस वर्षांची होते. नवरा तापाने गेलेला. तीन वर्षांची लेक बदनापूरला, भावजयीच्या पदरात. सासरचे महिन्या-दोन महिन्यांनी येऊन बसायचे, पोर आमची आहे, आमच्या हवाली करा म्हणायचे. भाऊ त्यांना चहा पाजून परत पाठवायचा. विलायतेच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाळंतिणींच्या खोलीत आया म्हणून ठेवून घेतलं. दगडी भिंती, उंच छत. पौषात पाय फरशीवर ठेवला की कळ डोक्यात जायची. आधी तिथे कोळशाच्या शेगड्या असायच्या. एका सकाळी दार उघडलं तर बाळंतीण आणि बाळ दोघं निपचित पडलेली. धूर डोळ्यांना दिसत नव्हता, पण कोळशाच्या हवेनं दोघं गुंगली होती. उघड्यावर नेल्यावर सावरली. त्याच दिवशी बाईंनी सगळ्या शेगड्या बाहेर फेकायला लावल्या, आणि महिन्याभराने मुंबईच्या जुन्या बाजारातून बैलगाडीभर लोखंड आलं. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यातून काढलेलं. उभ्या पोकळ नळ्यांचे चार सांगाडे. आम्ही त्यांना फासळ्या म्हणायचो. ते जोडायला कापसाच्या जिनिंग कारखान्यातले बॉयलरचे मिस्त्री म्हणून तुम्ही आलात, आणि आल्या आल्या विचारलंत, "हे रोज बघणार कोण? सीझन चालू झाला की मला रोज येणं व्हायचं न्हाई." बाईंनी माझ्याकडे बोट केलं. तुम्ही एकवार माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ठीक हाय. पण बराबर शिकावं लागंल."

तुम्ही शिकवायला बसता ती वेळ दुपारची, पाळी बदलायची. मागच्या पडवीत, खोलीच्या पायरीपेक्षा कमरेएवढं खाली, तुम्ही छोटा बॉयलर बसवला आहे. त्याच्या माथ्यावरून एक नळ निघतो, भिंतीतून वर चढतो, चारही फासळ्यांना पाणी देतो; दुसरा नळ त्यांच्या पायथ्यातून निघून बॉयलरच्या बुडाशी परत येतो. छपराखाली एक उघडी टाकी, नळांत कमी पडेल ते पाणी भरून काढणारी. मी विचारते, पंप कुठे आहे? तुम्ही हसता. "पंप कशाला? गरम पानी हलकं, ते वर पळतं. थंड जड, ते खाली उतरतं. एक गेलं की दुसऱ्याला जागा होती. आग हाय तवर ते फिरतच राह्यतं." मग माझा हात धरायच्या ऐवजी स्वतःचा हात जाणाऱ्या नळावर ठेवता, मग येणाऱ्यावर, आणि बाजूला सरकून मला तसंच करायला लावता. जाणारा चटका देणारा, येणारा कोमट. दोघांत एवढा फरक असला की समजायचं, पाणी चालतंय. फासळी खाली गरम आणि माथ्याला थंड असेल तर वर हवा अडकली; माथ्याचा छोटा स्क्रू किल्लीने सैल करायचा, फुस्स थांबून पाणी ठिबकलं की आवळायचा. माथा गरम आणि बूड थंड असेल तर तळाशी गाळ बसला. आपल्या विहिरीचं पाणी क्षाराचं. आणि सगळ्याच थंड पडल्या तर फासळ्यांकडे बघायचंच नाही, आधी टाकीत डोकवायचं.

तुमचा पहिला राग मला आठवतो. मी चारही फासळ्यांवर लंगोट आणि गोधड्या वाळत टाकल्या होत्या. तुम्ही दारातच थांबलात, आत बाळंतिणी म्हणून नजर खाली, आणि म्हणालात, "गोधडी टाकली तर गोधडी गरम होती, खोली न्हाई." दुसरा राग मोठा होता. बॉयलरच्या बुडाशी पाणी काढून टाकायची तोटी होती, आणि बाळंतिणींच्या सासवा, आया, झाडूवाली, सगळ्यांनी तिच्याखाली बादल्या लावायला सुरुवात केली होती. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या मुलखात पाण्यासाठी बाया मैलभर चालतात, आणि इथे आयतं कढत पाणी नुसतंच गोल फिरतंय. मीसुद्धा एक बादली काढली होती. टाकी रिकामी झाली, शेवटच्या दोन फासळ्या गार पडल्या. तुम्ही सगळ्यांना पडवीत उभं केलंत. "हे पानी न्हायाचं न्हाई, धुयाचं न्हाई. हे फिरायचं हाय. जितकं जुनं तितकं चांगलं. नवं घातलं की नवी हवा, नवा क्षार." झाडूवाली म्हणाली, "मंग एवढ्या पाण्याचा उपेग काय?" तुम्ही तिला खोलीच्या दारापर्यंत नेऊन, आत एका बाळाच्या तळपायाला हात लावायला सांगितलंत. ती बाहेर आली आणि आपली बादली उचलून घेऊन गेली.

त्यानंतर तुम्ही मला एक गोष्ट तीनदा म्हणायला लावलीत. बॉयलर कोरडा पडला आणि खाली आग असली, तर पाणी टाकायचं नाही. आधी आग काढायची. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं तर ते फुटतं आणि जवळचा माणूस मरतो. तुमच्या डाव्या दंडावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. तो कसा झाला हे तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात टेंभुर्णीची एक बाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. तळहातावर मावेल एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला दूध नंतर, आधी ऊब. चौथ्या दिवशी सकाळी मी कामावर आले तर पडवीतून ठोके ऐकू आले, लोखंडात कुणी हातोडी मारत असल्यासारखे. कुणीतरी पुन्हा पाणी काढलं होतं. टाकीत ठणठणाट, बॉयलर कोरडा पडत आलेला, आणि पहाटेच्या माणसाने फासळ्या गार लागल्या म्हणून आगीत आणखी लाकडं घातलेली. डॉक्टरीणबाई अडलेल्या बाळंतिणीसाठी बदनापूरला गेलेल्या. मागून दवाखान्याचे कंपाउंडर आले, माझ्या वडिलांच्या वयाचे, दोन भरलेल्या बादल्या घेऊन, आणि टाकीच्या शिडीकडे निघाले.

मी शिडीसमोर उभी राहिले. म्हणाले, "पाणी घालायचं न्हाई."

"बाजूला हो. खोली गार पडून राह्यली, पोर मरंल."

"पाणी घातलं तर हे फुटंल. आधी आग काढायची."

"तुला कोण सांगितलं?"

मी शिडीचे दोन्ही दांडे धरले. बाजूला झाले नाही. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या, शिव्या दिल्या, म्हणाले, पोरीला काही झालं तर तुझ्या माथी. मी फावड्याने निखारे ओढून अंगणात टाकले आणि बॉयलरचं दार उघडं ठेवलं. मग थांबायचं होतं, आणि ते सगळ्यांत अवघड. मी आत गेले, त्या इवल्या मुलीला तिच्या आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून तुम्ही जिनिंगमधून पाठवलेल्या स्वच्छ कापसाचे थर दिले आणि दोघींना एका गोधडीत बांधलं. आई विचारत होती, "वाचंल ना?" मी म्हणाले, "वाचती." कशाच्या जोरावर म्हणाले कुणास ठाऊक, पण तेव्हा मला शंका नव्हती. दर थोड्या वेळाने पडवीत जाऊन लोखंडाजवळ हात न्यायचा आणि परत यायचं. हात लोखंडावर टेकवून ठेवता आला तेव्हा कंपाउंडरना म्हटलं, आता घाला, तांब्या-तांब्याने. ते शिडीवर चढले. मी जवळच्या फासळीपासून एकेकीची हवा सोडत गेले, मग बारीक आग केली. दुपारच्या आत चौथी फासळी माथ्यापर्यंत गरम झाली. मुलीचे ओठ पुन्हा लाल दिसू लागले. महिन्याने ती टेंभुर्णीला गेली, आईच्या कडेवर.

तुम्ही दुपारी आलात. कुणीतरी वाटेतच सांगितलं असणार. जाणाऱ्या नळावर हात ठेवलात, येणाऱ्यावर ठेवलात, टाकीत डोकावलात.

"पानी कवा घातलं?"

"हात ठेवता आला तवा."

"बराबर," तुम्ही म्हणालात. मग त्या बुडाच्या तोटीची मूठ काढून खिशात घातलीत. जाताना म्हणालात, "बेटी, आता मी आलो न्हाई तरी चालतं."

पावसाळ्यात तुम्ही तापाने गेलात. मला दहा दिवसांनी कळलं, तेही कापूस आणणाऱ्या गाडीवानाकडून. पुढच्या हिवाळ्यात मी एकटीने आग पेटवली आणि राज्य बदललं त्यानंतरही कितीतरी वर्षं पेटवत राहिले. त्या पगारावर लेक शिकली. ती आता थंड देशात असते, तिथे घराघरात अशा फासळ्या आहेत. मी गेले तेव्हा तिच्या एका खोलीतली माथ्याला गार होती. दुरुस्तीचा माणूस आठवड्याने येणार होता. मी हात लावून पाहिला, किल्ली मागितली, फुस्स झालं, पाणी ठिबकलं, झालं. जावई बघत राहिला. लेकीने विचारलं, "आई, हे तुला कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी.

उस्ताद, मी सगळ्यांना हेच सांगत आले आहे. तेव्हा कारण होतं: परका माणूस, परक्या धर्माचा, दुपारी पडवीत एका विधवेला शिकवतो, हे सासरी कळलं असतं तर त्यांनी माझी पोर नेली असती. पण लेकीने विचारलं तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती, आणि तिला न्यायला कुणीही येणार नव्हतं.