वर्गणीदाराची सावड

बाबा, फोटोवाल्यांच्या संघाच्या सभेला आठवडा झाला तरी माझं डोकं ठिकाणावर नाही. मी भांडले ते बरोबर केलं की तुमच्याच नावाला काळं फासलं, काही कळत नाही. इचोड्याच्या आपल्या स्टुडिओत बसून लिहितेय, गिऱ्हाईक आलं की कागद उलटा ठेवते. तुम्ही असता तर एका वाक्यात निकाल लावला असता. पण आता तुमच्या त्या एका वाक्याचीच मला भीती वाटायला लागली आहे.

तुम्ही जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांचा संघ उभा केलात तेव्हा शेतातली सावड त्यात आणलीत. शेतकरी जसे एकमेकांच्या वावरात राबतात तसं, लग्नसराईत कोणी फोटोवाला आजारी पडला तर त्याने घेतलेली लग्नं बाकीच्यांनी वाटून काढायची आणि मिळेल ते त्याच्या घरी पोचवायचं. उटनूरच्या फोटोवाल्या काकांना कावीळ झाली होती ते मला अजून दिसतं. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून कोणतं लग्न कोणी करायचं ते ठरवताय, आणि जिथे धड रस्ता नाही असं सगळ्यात लांबचं लग्न स्वतःकडे घेताय. मी म्हटलं, आपण फुकट कशाला मरायचं? तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "फुकट काऊन? तो वर्गणी भरते. आपुन त्याच्यावर उपकार नाही करून राह्यलो." मग त्या दिवशी माझ्याशी बोललाच नाहीत. आईने मला गुपचूप मागच्या ओसरीवर जेवायला वाढलं. ते वाक्य मात्र मी देवासारखं जपलं.

तुम्ही गेल्यावर आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. भैंसा निर्मल जिल्ह्यात गेलं, आपण आदिलाबादेतच राहिलो. संघाचेही तुकडे झाले, पण सवय कुठे तुटते? भैंशाचा तो, तुमच्या हाताखाली माझ्यासोबत शिकलेला, इकडची वर्गणीही भरत राहिला आणि तिकडचीही. कोणी मागितलं की नाही म्हणता येत नाही, असा माणूस. ऐन लग्नसराईत मांडवातल्या स्टुलावरून पडला आणि उजवा हात मोडून घेतला. तिकडचा संघ म्हणाला, सावड ही जुन्या संघाची रीत, आदिलाबादला विचारा. इकडचा म्हणाला, भैंसा आता आपलं नाही. वर्गणी घेताना बरा दोघांचा होता! तोवर त्याची लग्नघरं दुसरा फोटोवाला बघायला लागली. एकदा ती घरं सुटली की त्याचं दुकान उठलंच म्हणायचं.

म्हणून सभेत मी उठले. अध्यक्ष तुमचाच चेला आहे, त्याला कॅमेरा धरायला तुम्हीच शिकवलंत. मी विचारलं, वर्गणी घेता तर सावड का देत नाही? सभासदांना उत्तर द्यायला बांधलेले आहात की नाही? तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, सावड संघाची कदी होती? बाबाची मर्जी होती. बेला गावचा फोटोवाला बाबाच्या तोंडावर बोलला, तर त्याले नाही भेटली सावड. तो काय वर्गणी भरत नव्हता?"

मी म्हटलं, साफ खोटं. आणि जुन्या माणसांकडे वळले. उटनूरचे काका पुढेच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. "खरं हाय बाई," ते म्हणाले. "आमी समदे तवा गप्प राह्यलो."

बाबा, काय बोलला होता तो बेल्याचा? संघाचा कारभार विचारला होता, की उगाच उर्मटपणा केला होता? काकांना दोनदा विचारलं, ते पाणी प्यायला उठून गेले. सावड हक्काची होती तर तुम्ही ती कशी तोडलीत? आणि तुमची मर्जी होती तर मी कोणत्या तोंडाने हक्क मागत होते? मला तुमचा राग येतो, आणि लगेच त्या चेल्याचाही येतो, कारण तुमच्या चुकीआड लपून तो आपली सुटका करून घेतोय. मग आता तरी सावडीचा ठराव करा, असं मी त्याला तिथेच म्हटलं. पुढच्या सभेत बघू, म्हणाला. सगळे चहाकडे वळले.

शेवटी आम्ही चौघांनीच बस स्टँडवर उभ्या उभ्या भैंशावाल्याची लग्नं वाटून घेतली. काका त्यात होते. माझ्या वाट्याला बासरचं लग्न आलं, ते करून परवा पैसे द्यायला भैंशाला त्याच्या घरी गेले. गळ्यात हात अडकवून तो खाटेवर बसला होता, माझ्याकडे बघायलाही लाजत होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि हातच जोडले. "लय उपकार झाले, ताई. तुमच्या बाबासारख्याच हाव तुमी."

तुमचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तो वर्गणी भरतो, एवढंच म्हणायचं होतं. पण मी गप्प राहिले, बाबा. तिचं बोलणं ऐकायला फार बरं वाटत होतं.